खारबंधारा फुटलाय, विनंती अर्ज समितीकडे जावं का?

प्रश्नकर्त्यांनी जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. शास्त्री नदीच्या खाडीकाठचं गाव. दोन पावसाळ्यांपूर्वी खारबंधाऱ्याला (खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाला) खांड, म्हणजे भगदाड, पडली, तेव्हापासून दर उधाणाला खारं पाणी भातखाचरांत शिरतं. ग्रामसभेचे ठराव झाले, तहसीलदारांना निवेदन दिलं, लोकशाही दिनात अर्ज केला, आमदारांचं पत्रही कार्यकारी अभियंत्यांकडे गेलं. उत्तर एकच: "प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात आला आहे." आता शिमग्याला आलेल्या एका चाकरमान्याने सुचवलं की विधानमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे (जनतेचे अर्ज तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे) जा, तिथे सचिवालाही यावं लागतं. हे खरं का, फॉर्म कुठे मिळतो, वकील लागतो का आणि त्याने काम होतं का, असे चार प्रश्न आहेत.

मी विधानमंडळ सचिवालयात समित्यांच्या कामावर बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर दापोलीकडे राहतो आणि आसपासच्या गावांना असे अर्ज लिहायला हातभार लावतो. सोपी उत्तरं आधी देऊन टाकतो. वकील लागत नाही. दुकानात मिळणारा छापील फॉर्म नसतो; अर्ज कसा असावा हे सभागृहाच्या नियमांत ठरलेलं असतं आणि नमुना विधानमंडळ सचिवालयात किंवा तुमच्या आमदारांच्या कार्यालयातून मिळू शकतो. सचिवांना बोलावलं जातं हे खरं, पण प्रत्येक अर्जावर नाही. चौथ्या प्रश्नाला मात्र सवडीने उत्तर द्यावं लागेल, कारण "काम होणं" म्हणजे तुम्ही काय धरता त्यावर ते अवलंबून आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बंधारा फुटलाय हे त्यात आहे, नुकसान आहे, केलेले अर्ज आहेत. तो दुरुस्त का होत नाही हे मात्र कुठेच नाही. तुम्हाला ते कोणी सांगितलेलं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. निधी नाही म्हणून? योजना खात्याच्या नोंदीत नाही म्हणून? खाचरांत तिवरं (खाऱ्या पाण्यात वाढणारी कांदळवनाची झाडं) उगवली म्हणून? की अंदाजपत्रक कुठल्यातरी टेबलावर पडून आहे म्हणून? यांपैकी प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा. समितीचा खरा उपयोग हे कारण कागदावर यायला भाग पाडणं हा आहे. खांड बुजवायला समिती येत नाही, तिच्याकडे ना पैसा ना जेसीबी. पण जे उत्तर तुम्हाला दोन वर्षं मिळालं नाही, ते आमदारांच्या समितीसमोर खात्याला द्यावं लागतं, आणि ते नोंदवलं जातं.

थोडं मागचं सांगतो. दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात जनतेच्या अर्जांसाठी समिती असावी, असा ठराव १९२१ च्या सप्टेंबरमध्ये त्या वेळच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये मांडला गेला. समिती प्रत्यक्षात आली फेब्रुवारी १९२४ मध्ये. म्हणजे प्रथा इंग्रजांच्या काळातली, आणि शंभर वर्षं उलटून गेलेली. आज लोकसभेच्या अशा समितीवर १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीवर १०. महाराष्ट्रात विधानसभेची वेगळी आणि विधानपरिषदेची वेगळी अशा दोन विनंती अर्ज समित्या आहेत. प्रमुखपद बऱ्याचदा उपाध्यक्ष किंवा उपसभापतींकडे असतं. सदस्य सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरचे असतात आणि मंत्री त्यात बसत नाहीत. या शेवटच्या गोष्टीमुळे फरक पडतो. बंद दाराआड बसलेले आमदार सभागृहातल्यापेक्षा बरेच मोकळे बोलतात. तिथे टीव्हीचा कॅमेरा नसतो आणि आपल्याच सरकारच्या खात्याला खडसावताना कोणाला संकोच वाटत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते पाहू. इथेच बहुतेक अर्ज अडखळतात.

सर्वांत आधी विषय कोणाचा? आपल्या किनाऱ्यावर हा घोळ फार. मुंबई-गोवा महामार्ग हा राष्ट्रीय महामार्ग ६६. त्याच्या बऱ्याच भागाचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची राष्ट्रीय महामार्ग शाखा बघते, म्हणून लोकांना तो राज्याचा वाटतो, पण पैसा आणि निर्णय केंद्राचा. कोकण रेल्वेचा थांबा हवा तर तोही केंद्राचा विषय. मासेमारीचं तर विचारूच नका: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा चालतो, त्यापलीकडे केंद्र. एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध अर्ज लिहायचा तर बोट कुठे उभी होती, इथपासून सुरुवात करावी लागते. केंद्राचे विषय लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या याचिका समितीकडे न्यायचे. तुमच्या बाबतीत सुदैवाने हा गुंता नाही. खारभूमी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, हा राज्याचा विषय, खातं जलसंपदा, आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम त्यासाठी आहे. एवढंच नीट बघा की तुमचा बांध खरोखर खारभूमीचा आहे. उघड्या समुद्राच्या तोंडावरचा दगडी धूपप्रतिबंधक बंधारा असेल तर तो पतन खात्याकडे किंवा मेरीटाईम बोर्डाकडे असतो, आणि मग अर्जावर खातं चुकीचं पडतं. तुमच्या वर्णनावरून मातीचा बांध आणि उघाडी (पाणी बाहेर सोडायची झडप) आहे, म्हणजे खारभूमीच.

दुसरं, प्रकरण कोर्टात आहे का? कोणी पुण्याच्या हरित लवादात गेलं असेल, उच्च न्यायालयात जनहित याचिका असेल, तर समिती हात लावत नाही. गावातल्या एखाद्याने परस्पर काही दाखल केलंय का हे विचारून घ्या. भावकीच्या वादात कोणी बांधालगतच्या जमिनीवर दिवाणी दावा लावलेला असतो आणि पंचायतीला पत्ता नसतो, असं होतं.

तिसरं, कायद्यात दुसरा मार्ग उपलब्ध आहे का? फेरफार चुकला, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, याला जमीन महसूल संहितेत अपील आहे. समिती म्हणेल तिकडे जा. एकट्याची बढती, एकट्याचं पेन्शन, एकट्याची भरपाई हेही चालत नाही. सार्वजनिक हिताचा विषय हवा. त्यामुळे पिकाच्या भरपाईची मागणी या अर्जात मिसळू नका. ती महसुलाकडे पंचनाम्यासह वेगळी चालू द्या. दोन्ही एकत्र आली की खातं भरपाईवर दोन पानं लिहितं आणि बांधावर एक ओळ.

चौथी गोष्ट खास खारभूमीची, आणि माझ्या मते तुमचं घोडं इथेच अडलं असावं. काही खारभूमी योजना शासकीय आहेत, काही खाजगी. खाजगी म्हणजे पूर्वी शेतकऱ्यांनी मिळून बांधलेले आणि सांभाळलेले बांध. तुमचा बांध शासकीय यादीत नसेल, तर कार्यकारी अभियंता मनात आणूनही त्यावर खर्च टाकू शकत नाही. तोंडावर तसं म्हणायचं टाळतो, कारण तसं म्हटलं की गाव त्याच्या दारात बसणार. म्हणून मग "प्रस्ताव सादर केला आहे." त्यात भर म्हणजे कांदळवन. खारं पाणी एकदा शिरलं की तिवर आणि चिपी रुजायला वेळ लागत नाही. दोन पावसाळ्यांत गुडघाभर झाडोरा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन तोडीवरची बंदी पक्की केली, सार्वजनिक हिताचं काम असलं तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. निकाल योग्यच आहे, किनारा त्यावर टिकून आहे. पण परिणाम असा की बांध फुटला त्या वर्षी जे काम साधी दुरुस्ती होतं, ते दोन वर्षांनी वनखातं, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, प्रसंगी न्यायालय, एवढ्या दारांतून जाणारं प्रकरण होतं. उशीर खात्याने करायचा आणि त्याच उशिरातून उगवलेली झाडं दाखवून पुढचा उशीर करायचा, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलं आहे.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं काम आहे, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. जिल्ह्यातल्या खारभूमी विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे इतकंच मागा: ही योजना शासकीय की खाजगी याची नोंद, शेवटची दुरुस्ती कधी झाली, खांड पडल्यानंतर केलेल्या पाहणीचा अहवाल, अंदाजपत्रक केलं असल्यास त्याची प्रत, आणि "वरिष्ठ कार्यालयाकडे सादर" केलेल्या प्रस्तावाचा जावक क्रमांक (कार्यालयातून बाहेर गेलेल्या पत्राचा नोंद क्रमांक) व दिनांक. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. प्रस्ताव खरोखर गेला असेल तर जावक क्रमांक असतोच.

आता अर्जाकडे. निवेदनाची सवय झालेला माणूस विनंती अर्जही निवेदनासारखाच लिहितो, आणि तिथेच गाडी घसरते. निवेदनात वर्णन चालतं, संताप चालतो, "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" चालतं. इथे चालत नाही. भाषा सौम्य आणि सभागृहाचा मान राखणारी लागते, धमकीचं वाक्य दिसलं की अर्ज तिथेच बाजूला पडू शकतो. अर्ज सभागृहाला उद्देशून असतो, मंत्र्याला नाही. अर्जदारांची पूर्ण नावं, पत्ते आणि सह्या. सही येत नसेल तर अंगठा. सह्यांच्या कोऱ्या कागदांची चळत मागे जोडायची पद्धत सोडा. निदान सह्यांच्या पहिल्या पानावर तरी विनंतीचा मजकूर असलाच पाहिजे, नाहीतर कोणी कशावर सही केली हा प्रश्न उभा राहतो. संसदेच्या नियमांत तर याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, इतर कागद जोडायलाही मनाई आहे. आपणही तेच धोरण ठेवावं: अर्ज असा लिहा की एकही कागद न जोडता वाचणाऱ्याला सगळं कळावं. फोटो, ठराव, माहिती अधिकाराची उत्तरं यांचा वेगळा संच करून आमदारांच्या कार्यालयात द्या. समितीने मागितले की लगेच देता येतात.

वस्तुस्थितीचा भाग दीड पानाच्या वर जाऊ देऊ नका. बांधाची अंदाजे लांबी, खांड कुठल्या बाजूला, किती रुंद, कोणत्या महिन्यात पडली, बाधित जमिनीचे सर्व्हे नंबर आणि हिस्से, किती घरांची शेती गेली, पिण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्या असतील तर त्या. विहिरींचा मुद्दा विसरू नका. शेतीचं नुकसान आमदार रोज ऐकतात. विहिरीचं पाणी खारट झालं म्हटलं की मान वर होते. फोटो उधाणाच्या दिवशीचे काढा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे, तारीख दिसेल असे. ओहोटीला काढलेल्या फोटोत फक्त चिखल दिसतो आणि अभियंता म्हणतो, "सध्या पाणी शिरत नाही."

आणि शेवटी विनंती. सगळा अर्ज या एका परिच्छेदासाठी असतो. अलीकडे एका गावाने दाखवलेल्या मसुद्यात असं होतं: "तरी मायबाप शासनाने आमच्या गावावरील अन्याय दूर करून बंधाऱ्याचे काम तातडीने मार्गी लावावे ही नम्र विनंती." यावर खातं काय उत्तर देणार? "निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल." झालं, विषय संपला. आम्ही तो परिच्छेद बदलून असा केला: "सदर योजना शासकीय आहे किंवा कसे याबाबत विभागाने स्पष्ट निवेदन करावे, शासकीय नसल्यास ती ताब्यात घेण्याबाबत निर्णय घ्यावा, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकास प्रशासकीय मान्यता मिळण्याचा कालावधी निश्चित करावा, कांदळवनामुळे परवानग्या आवश्यक असल्यास त्या मिळवण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची आहे हे निश्चित करावे, आणि तोपर्यंत पुढील पावसाळ्यापूर्वी तात्पुरत्या संरक्षणाची उपाययोजना करावी, अशी शिफारस करण्यात यावी." कोरडं आहे, मान्य. पण यातल्या प्रत्येक तुकड्याला हो, नाही किंवा तारीख यांपैकी काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. जे हवं ते तिथे लिहा.

यानंतर आमदाराची प्रतिस्वाक्षरी. अर्ज तुम्ही टपालाने टाकून मोकळे होत नाही. सभागृहाचा सदस्य तो सादर करतो, आणि सादर करताना भाषण करत नाही, अमुक विषयावरचा अमुक लोकांनी सही केलेला अर्ज सादर करतो एवढंच म्हणतो. तुमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे असून कुचंबत असतील तर त्यांना हे सांगा: प्रतिस्वाक्षरी करणं म्हणजे सरकारविरुद्ध उभं राहणं नव्हे. तरीही जमत नसेल तर कोकणाला विधानपरिषदेचा रस्ता मोकळा आहे. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघाचे सदस्य आहेत, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या स्थानिक स्वराज्य संस्थांची एक जागाही आहे, ती रिकामी नाही ना एवढं आधी बघा. त्यांच्याकडे असे अर्ज कमी येतात, त्यामुळे लक्ष मिळतं.

सभागृह निवडताना आणखी एक हिशेब करा. विधानसभा विसर्जित झाली की तिच्याकडे प्रलंबित राहिलेले विनंती अर्ज सर्वसाधारणपणे व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात, आणि नव्या सभागृहात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. विधानपरिषद विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात इतकंच. निवडणूक जवळ आली असेल तर मी परिषदच सुचवतो. शिवाय नव्या सभागृहानंतर समित्या गठित व्हायला वेळ लागतो. समिती अस्तित्वात आहे ना, हा फोन अर्ज देण्याआधी करा.

अर्ज सादर झाल्यावर आत काय होतं? समिती शाखेत आधी छाननी होते: नियमात बसतो का, विषय राज्याचा आहे का, न्यायप्रविष्ट नाही ना. मग संबंधित विभागाकडे तो अभिप्रायासाठी जातो. मंत्रालयातला विभाग तो मुख्य अभियंत्याकडे, तिथून अधीक्षक अभियंता, तिथून कार्यकारी अभियंता, आणि शेवटी ज्या उपअभियंत्याने तुम्हाला दोन वर्षं टोलवलं त्याच्याच टेबलावर तो उतरतो. तो लिहितो, आणि तेच पुन्हा त्याच जिन्याने वर चढतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते, कधी त्याहून जास्त. स्मरणपत्रं जातात. पण यात एक फरक आहे जो बाहेरून दिसत नाही. तुमच्या निवेदनाला दिलेलं उत्तर उपविभागाच्या फायलीत मरतं. समितीला दिलेल्या अभिप्रायावर विभागातल्या वरिष्ठाची सही लागते, आणि खाली लिहिलेलं चुकीचं निघालं तर तो अडचणीत येणार असतो. म्हणून वर जाता जाता कोणीतरी फोन करून विचारतं, "अरे, ही योजना नेमकी आपली आहे की नाही?" कित्येक प्रकरणं या फोनवरच हलतात, साक्षीपर्यंत जातच नाहीत.

अभिप्राय समाधानकारक नसला तर समिती विभागाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावू शकते. अशा बैठकीचा साचा सांगतो, कुठल्या प्रकरणाचा तपशील नाही. लांब टेबल, समोर सचिव, त्यांच्या मागे मुख्य अभियंता आणि त्यांच्याही मागे फायली घेऊन बसलेली माणसं. सचिव सांगतात की निधीची मागणी केलेली आहे. समितीतला एखादा जुना सदस्य विचारतो, "कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदराखाली)? कोणत्या तारखेला?" मागे कुजबुज, पानं उलटण्याचा आवाज, एक चिठ्ठी पुढे येते. तारीख असते समितीचं पत्र पोहोचल्यानंतरची. सदस्य काही बोलत नाही, फक्त "हे नोंदवून घ्या" म्हणतो. सचिवांना पुढच्या वेळेस वेळापत्रक घेऊन यायला सांगितलं जातं. आरडाओरडा क्वचितच होतो आणि त्याची गरजही नसते.

समिती कधी अर्जदारालाही बोलावते, कधी जागेवर येते. दौरा ठरला की विश्रामगृहाला रंग लागतो आणि खड्डे बुजतात हा विनोद जुना आहे. पण जागेवर आलेल्या समितीला खांड भरतीच्या वेळेला दाखवा. कार्यक्रम जिल्हा प्रशासन ठरवतं, त्यांना भरती-ओहोटीचं सोयरसुतक नसतं. त्या दिवशीची भरतीची वेळ लिहून आमदारांच्या स्वीय सहायकाकडे आधीच द्या. आणि तिथे पन्नास जणांनी बोलू नका, दोघांनी बोला, त्यांतली एक बाई असू द्या, जिला विहिरीचं पाणी लांबून आणावं लागतं.

शेवटी समितीचा अहवाल सभागृहात मांडला जातो, त्यात शिफारशी असतात आणि विभागाने त्यावर काय केलं हे कळवायचं असतं. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण चाकरमान्यांच्या बोलण्यात हे नेहमी सुटतं. आपल्याकडच्या एसटीतून निवृत्त झालेल्या कुणालाही विचारा, "कोश्यारी समिती" तोंडपाठ असते. ती समिती म्हणजे राज्यसभेची याचिका समितीच, अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. ईपीएस-९५ पेन्शनवरच्या (भविष्य निर्वाह निधीतल्या १९९५ च्या पेन्शन योजनेवरच्या) याचिकेवर तिने २०१३ साली अहवाल दिला आणि किमान पेन्शन दरमहा ३,००० रुपये करा असं म्हटलं. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून १,००० केलं. पेन्शनर अजून त्याच अहवालाचं नाव घेऊन मोर्चे काढतात. याच समितीचा २०११ चा दुसरा अहवाल माजी सैनिकांच्या "वन रँक वन पेन्शन"वर (समान हुद्दा आणि सेवेला समान पेन्शन) होता. ती मागणी २०१५ मध्ये आदेश निघून बऱ्याच अंशी मार्गी लागली, महाड-पोलादपूर-खेडकडच्या घराघरांत तिचे लाभार्थी आहेत. समिती एकच, अहवाल दोन, नशीब वेगवेगळं. मधल्या काळात मागे कोण किती लागून राहिलं आणि सरकारला त्या वेळी काय परवडलं, यावर ते ठरलं. तरी दोन्ही मागण्यांना अधिकृत कागदाचा आधार मिळाला, जो आधी नव्हता.

तुमचं काम त्या मानाने लहान आहे, आणि लहान कामांत समितीचा उपयोग जास्त होतो असं माझं मत आहे. पेन्शनला हजारो कोटी लागतात. एका खांडीला लागते ती एका योजनेची प्रशासकीय मान्यता.

समितीकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासा, कदाचित त्याने जवळचा रस्ता मिळेल. तुमच्या किंवा शेजारच्या आमदाराने याच खारभूमी योजनेवर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी सूचना आधी दिली होती का? विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही असते, तालुक्याच्या नावाने शोधा. मंत्र्याने सभागृहात "दुरुस्ती करण्यात येईल" असं म्हटलेलं असेल, तर ते आश्वासन ठरतं आणि त्याच्या पूर्ततेसाठी आश्वासन समिती वेगळी आहे. तयार आश्वासन हाती असताना नवा विनंती अर्ज करणं म्हणजे उगाच लांबून वळसा. आमदारांना सांगून ते आश्वासन उकरून काढा.

अर्ज समितीपुढे असताना दोन पथ्यं. समितीच्या बैठकीत कोण काय बोललं हे, अहवाल सभागृहात मांडला जाण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा स्थानिक पेपरात देऊ नका. तो विशेषाधिकारभंगाचा विषय होऊ शकतो आणि तुमच्या बाजूचे सदस्यही नाराज होतात. अर्ज सादर झाला ही बातमी द्यायला हरकत नाही. दुसरं, चिडून कोणी खाचरांतली तिवरं रातोरात तोडली, तर खात्याला हवं ते निमित्त मिळेल. वाडीवाडीत हे बजावून सांगा. खांडीवर श्रमदानाने माती-दगड टाकायचे असले तरी आधी विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरमध्ये असतं, पावसाळी मुंबईत जून-जुलैच्या सुमाराला. शिमगा आत्ताच झालाय म्हणता, तर माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात गेला तर मे उजाडण्याआधी उत्तर हाती येईल आणि पावसाळी अधिवेशनात अर्ज सादर करणं जमू शकेल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, वाट बघत बसू नका. उत्तर आलं की त्यातला शासकीय-खाजगीचा भाग इथे लिहा, लोकांची नावं आणि सर्व्हे नंबर गाळून. योजना खाजगी निघाली तर विनंतीचा पहिला आणि दुसरा तुकडा वेगळ्या पद्धतीने मांडावा लागेल, तो मी लिहून देतो.